पडवीचें समीकरण

यंदा मृगाचा पाऊस दारव्ह्यास पोहोंचण्यापूर्वींच आमच्या घरांत त्याच्या नांवानें बरीच गडगड होऊन गेली. निमित्त झालें मागल्या पडवीचें. घर आमचें जुनें. पुढें ओसरी, मध्यें माजघर आणि मागें अंगणाकडे उतरत गेलेली ही पडवी. तिच्यावर पूर्वीं कवेलू होते. माकडांच्या उपद्रवास कंटाळून दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, ते काढून टिनाचे पत्रे घातले. गेल्या पावसाळ्यांत हे पत्रे मधोमध गळूं लागले आणि पडवींत ठेवलेली जुन्या पुस्तकांची पेटी भिजली. पेटींतील पुस्तकें वर्षानुवर्षें कोणी उघडलीं नव्हतीं हें खरें. परंतु भिजल्यावर तीं एकाएकीं सर्वांस फार प्रिय झालीं.

दादांचें म्हणणें असें पडलें कीं, मिस्त्र्यानें पत्रे हलके आणले आणि ते नीट ठोकले नाहींत. मिस्त्री म्हातारा, आमच्याकडे कित्येक वर्षें येणारा. त्यानें एक वेळ वर चढून पाहिलें, खालीं उतरला आणि एवढेंच म्हणाला, “टिनाले काई झालं नाई, दादासाहेब. कोपरा बसला तुमचा.” दादांनीं कोपऱ्याकडे पाहिलें, कोपरा होता तेथेंच होता. मग आवाज चढले. मिस्त्री शिडी तशीच ठेवून निघून गेला, आणि दादा दोन दिवस जेवतांना कोणाशीं बोलले नाहींत. चौदा माणसांच्या घरांत एक माणूस बोलेनासा झाला म्हणजे उरलेल्या तेरांना हळू बोलावें लागतें.

मी या घरची लेक. तीस वर्षें परगांवीं वरच्या वर्गांना गणित शिकविण्यांत घालवून, निवृत्त झाल्यावर माहेरीं येऊन राहिलें आहें. घरांत माझा हुद्दा ‘आत्या’ हा. नव्या पिढीला ‘आत्याआजी’. छपराच्या भांडणांत पडण्याचा माझा मुळींच विचार नव्हता. पण त्याच दिवसांत घरांत दुसरें एक प्रकरण शिजत होतें, आणि त्याच्या पाठोपाठ मलाही पडवींत जावें लागलें.

दादांची नात यंदा बारावींत गेली. दहावीपर्यंत ती मराठींतून शिकली. पुढें विज्ञानशाखेबरोबर सगळें इंग्रजींत आलें. ज्याला ती ‘प्रतल’ म्हणत होती त्याचें ‘प्लेन’ झालें. ‘सदिश’ हा शब्द तर तिला मराठींत नीटसा भेटलाही नव्हता, तो एकदम ‘व्हेक्टर’ म्हणूनच दारांत उभा राहिला. सुटींतल्या शिकवणीच्या वर्गांत ‘रेषा आणि प्रतल’ हें प्रकरण उरकलें, आणि ही एके दिवशीं जाहीर करती झाली कीं, प्रवेशपरीक्षेस आपण गणित सोडणार, जीवशास्त्र तेवढें ठेवणार. घरांत कोणी हरकत घेतली नाहीं. मुलगी डॉक्टर होणार म्हटल्यावर हरकत घेणार कोण? मला मात्र चुटपुट लागली. हीच मुलगी सात वर्षांची असतां ओसरीवरच्या फरशा एकेक करून मोजून, “आत्याआजी, आडव्या आणि उभ्या गुणल्या तरी तेवढ्याच येतात!” असें सांगायला धांवत आलेली मीं पाहिली होती. तेवढा आनंद त्या दिवशीं घरांत दुसऱ्या कोणास झालेला नव्हता.

मीं तिची वही मागितली. मला वाटलें, चुकांचा बाजार असेल. पाहतें तों चूक एकही नाहीं. प्रतलाचें समीकरण सदिशरूपांत दिलें असतां तें कार्तीय रूपांत लिहा, आणि उलट. अशीं बारा उदाहरणें, बाराही बरोबर. “मग अडचण काय आहे?” मीं विचारलें.

“अडचण काहीच नाही. इकडचे आकडे उचलायचे, तिकडे ठेवायचे. त्यात समजायचं काय असतं?”

मीं तिच्याच वहींतलें एक प्रतल घेतलें: २क्ष + ३य − ज्ञ = २. (आमच्या वेळीं तीन अक्षांना क्ष, य, ज्ञ म्हणत, तीच संवय मला राहिली आहे.) आणि विचारलें, “क्ष दोन, य एक, ज्ञ पांच, हा बिंदु या प्रतलावर आहे कां?” ती वहीचीं पानें मागें-पुढें करूं लागली. “हे उदाहरण आम्हाला दिलेलं नाही,” ती म्हणाली. दोन दुणे चार, तीन एकें तीन, सातांतून पांच गेले, दोन उरले. एवढेंच करायचें होतें. जी मुलगी प्रतलाचें रूप क्षणांत पालटीत होती तिला त्यावर काय बसतें आणि काय बसत नाहीं हें ठाऊक नव्हतें.

तिला मी काय म्हणणार? ही विद्या मींच वाटलेली आहे. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत मागल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीनें उभें राहून विचारलें होतें, “मॅडम, लंबाचे आकडे समीकरणात जसेच्या तसे कसे काय येतात?” तास संपायला चार मिनिटें होतीं, अभ्यासक्रम मागें पडला होता, आणि खरें सांगायचें तर उत्तर मला चटकन सुचलें नाहीं. मीं म्हटलें, “येतात. तसंच लिहायचं असतं. दोन गुणांचा प्रश्न आहे.” वर्ग हंसला. ती खालीं बसली, आणि वर्षभरांत पुन्हां तिनें कांहीं विचारलें नाहीं. उत्तर मला त्याच रात्रीं सुचलें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत सांगण्यास मला लाज वाटली, आणि तिसऱ्या दिवशीं पुढलें प्रकरण सुरूं झालें.

असो. मीं नातीला स्वयंपाकघरांत नेलें आणि पोळपाट घेऊन त्याच्यावर लाटणें उभें धरलें. पोळपाट कलता केला म्हणजे लाटणेंही कलतें. पोळपाटाच्या पृष्ठावर रेघा काढूं म्हटलें तर शेंकडों दिशांना काढतां येतील, त्यांपैकीं कोणती एक सांगून पोळपाट कसा कलला आहे हें कळणार नाहीं. परंतु त्याच्याशीं काटकोन करून उभी राहणारी दिशा एकच. ती सांगितली कीं सर्व सांगितलें. म्हणून प्रतलाची ओळख त्याच्या लंबावरून करून द्यावयाची. आतां लंबाची दिशा तीच ठेवून पोळपाट वर उचलला किंवा खालीं नेला तर? मग कितव्या उंचीवरचा पोळपाट हें सांगणारी आणखी एक संख्या हवी. सदिशरूपांत एवढेंच असतें: आरंभबिंदूपासून प्रतलावरच्या कोणत्याही बिंदूकडे जाणारा सदिश र, लंबाचा सदिश न, आणि त्या दोहोंचा अदिश गुणाकार ठराविक. म्हणजे प्रतलावर कोठेंही उभे राहा, लंबाच्या दिशेनें मोजलेलें तुमचें अंतर बदलत नाहीं.

“हे कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. वहिनी पोळ्यांना उशीर होतो म्हणून पोळपाट मागत होत्या, तेव्हां आम्ही दोघी पडवींत गेलों. आणि तेथें डोक्यावर, कोणाचीही अडचण न होणारें, चांगलें बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद असें एक प्रतल तयारच होतें.

या छपराची गंमत अशी कीं, तें एकाच बाजूस उतरत नाहीं. आजोबांनीं पडवीच्या एका कोपऱ्याबाहेर पावसाच्या पाण्याचा हौद बांधला होता, आणि सगळें पाणी त्या कोपऱ्यास जावें म्हणून छपराला दोन्हीकडून उतार दिला होता. आम्हीं टेप घेतला. घराच्या भिंतीलगतचा डावा कोपरा अ. त्याची उंची ११ फूट. त्याच भिंतीचा उजवा कोपरा ब, अ-पासून १२ फुटांवर. उंची १० फूट. अ-च्या समोर अंगणाकडल्या खांबावरचा कोपरा क, ८ फूट पुढें. उंची ९ फूट. अ-च्या खालीं जमिनीवर आरंभबिंदु धरला, भिंतीलगत क्ष, अंगणाकडे य आणि वर ज्ञ.

“आता समज, मुंगी होऊन छपरावर चालायचं आहे,” मीं म्हटलें. “अ-पासून निघायचं. ब-च्या दिशेनं हवं तेवढं, मग क-च्या दिशेनं हवं तेवढं. ब-कडल्या पूर्ण चालीचा कितवा भाग चाललीस ती संख्या प; क-कडल्या चालीची फ.” पुस्तकांत यांना लॅम्डा आणि म्यू अशीं नांवें आहेत, मला वाटतें मुलें निम्मीं त्या नांवांनाच भितात. ब-पर्यंत गेलें असतां १२ फूट आडवें आणि १ फूट खालीं. क-पर्यंत गेलें असतां ८ फूट पुढें आणि २ फूट खालीं. तेव्हां मुंगी जेथें असेल तेथें

क्ष = १२प, य = ८फ, ज्ञ = ११ − प − २फ.

हेंही सदिशरूपच, फक्त लंबावरून सांगितलेलें नव्हे, तर पृष्ठावरच्या दोन दिशांवरून सांगितलेलें. आतां मुंगी किती चालली हें आपल्याला नको आहे, छपराचा नियम हवा आहे; म्हणून प आणि फ यांना निरोप द्यावयाचा. नातीनें खडू घेतला आणि पडवीच्या भिंतीवरच लिहूं लागली. प म्हणजे क्ष-चा बारावा भाग, फ म्हणजे य-चा आठवा भाग. ते तिसऱ्या ओळींत घातले. सगळ्याला बारांनीं गुणलें. भिंतीवर आलें:

क्ष + ३य + १२ज्ञ = १३२.

“आता तुझ्या वर्गातल्या रीतीनं लंब काढ,” मीं म्हटलें. तिनें अ-ब आणि अ-क या दोन सदिशांचा सदिश गुणाकार केला. त्यांत तिचा हात बसलेलाच होता. उत्तर आलें ८, २४, ९६. आठांनीं भाग दिला: १, ३, १२.

ती थांबली. भिंतीवरच्या दोन ओळींकडे पाहात राहिली. मग माझ्याकडे वळून तिनें तेंच विचारलें. अक्षरशः तेंच, फक्त ‘मॅडम’च्या जागीं ‘आत्याआजी’ होतें.

या वेळीं मीं घड्याळाकडे पाहिलें नाहीं. मीं म्हटलें, छपरावरचे कोणतेही दोन बिंदु घे. दोघांनाही हें समीकरण लागू आहे, दोघांचीही बेरीज १३२. एकांतून दुसरें वजा कर. उजवीकडे शून्य राहिलें. डावीकडे काय राहिलें? एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत क्ष-मध्यें पडलेला फरक गुणिले १, य-मधला फरक गुणिले ३, ज्ञ-मधला फरक गुणिले १२, या तिहींची बेरीज शून्य. म्हणजे १, ३, १२ या सदिशाचा त्या रेषेशीं अदिश गुणाकार शून्य, म्हणजे काटकोन. दोन बिंदु आपण कोणतेही घेतले होते, तेव्हां छपरावर काढलेल्या प्रत्येक रेघेशीं हा सदिश काटकोन करतो. मग तो लंबाखेरीज दुसरा कोण असणार? तो समीकरणांत बाहेरून आणून ठेवलेला नाहीं. सरळ एकघाती समीकरण लिहिलें कीं तो त्यांत बसलेलाच असतो.

“इतकंच?” ती म्हणाली.

इतकेंच. चार मिनिटांत बसलें असतें.

वाचकांपैकीं ज्यांचा गणिताशीं संबंध शाळेबरोबर सुटला त्यांच्याकरितां थोडा इतिहास सांगितल्यास कंटाळा येऊं नये. आंकड्यांनीं बिंदूचा ठावठिकाणा सांगण्याची रीत ज्या देकार्तच्या नांवें चालते, त्याचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ चा. सदिश त्याच्या मागून दोनशें वर्षांनीं आले. डब्लिनचा हॅमिल्टन १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं पत्नीबरोबर कालव्याच्या कांठानें चालला असतां त्याला आपलें सूत्र सुचलें आणि त्यानें तें तेथल्या पुलाच्या दगडावर चाकूनें कोरलें. त्या वेळीं त्याची पत्नी काय म्हणाली हें मला नेहमीं जाणून घ्यावेंसें वाटतें. आजच्या पुस्तकांतले आय, जे, के हे तीन एकक सदिश त्या सूत्राचेच वंशज. पुढें अमेरिकेंतील येल येथें गिब्ज यानें आपल्या विद्यार्थ्यांकरितां १८८१ व १८८४ मध्यें जीं टिपणें छापलीं त्यांतून अदिश व सदिश गुणाकारांस आजचें रूप आलें.

पण माझा जीव जडला आहे तो ग्रासमानवर. हा प्रशियांतील स्टेटीन गांवचा शाळामास्तर. त्यानें १८४४ सालीं या विषयाचा इतका सर्वव्यापी ग्रंथ लिहिला कीं तो कोणासही कळला नाहीं. उरलेल्या प्रती प्रकाशकानें वीस वर्षांनीं रद्दींत घातल्या. विद्यापीठांत जागा त्याला अखेरपर्यंत मिळाली नाहीं. मग हा गृहस्थ संस्कृताकडे वळला, आणि १८७३ ते १८७५ या वर्षांत त्यानें ऋग्वेदाचा कोश प्रसिद्ध केला, जो वेदाचे अभ्यासक आजही उघडतात. हें ऐकून दादाही खुर्ची ओढून पडवींत येऊन बसले. गणितासाठीं ते आले नसते, ऋग्वेदासाठीं आले.

आणि आल्यावर त्यांनीं व्यवहाराचा प्रश्न विचारला. “हे सगळं ठीक आहे. पण तो चौथा कोपरा बसला आहे की नाही, हे तुझं समीकरण सांगेल का?”

प्रश्न अगदीं योग्य होता. तीन बिंदूंतून प्रतल नेहमींच जातें. तिपाई कधीं डुगडुगत नाहीं, डुगडुगतो तो चौरंग. खरी परीक्षा चौथ्या कोपऱ्याची. क्ष बारा, य आठ. बारा आणि चोवीस मिळून छत्तीस. १३२ होण्यास शहाण्णव कमी. बारा आठे शहाण्णव. चौथ्या कोपऱ्याची उंची बरोबर ८ फूट हवी. नातीनें खुर्चीवर चढून टेप धरला. फरशीपासून छपरापर्यंत ८ फूट, ना एक सूत कमी ना जास्त.

तिचा चेहरा उजळला. आपण लिहिलेलें एखादें समीकरण घरांतल्या एखाद्या वस्तूशीं जुळतें हें तिनें प्रथमच पाहिलें होतें. दादांचाही उजळला, निराळ्या कारणानें. “म्हणजे कोपरा बसलेला नाही. मिस्त्री खोटं बोलला.” आणि मीं, तीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिकेनें, मान हलवून त्याला संमति दिली. हिशेब बरोबर होता; त्यांत शंका घेण्यास जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्री आपली शिडी नेण्यास आला. भिंतीवरचा आमचा खडूचा पसारा त्यानें पाहिला, विचारलें कांहीं नाहीं. नातीनें मोठ्या उत्साहानें त्याला सारें सांगितलें, कोपरा बरोबर आहे हेंही सांगितलें. त्यानें सगळें ऐकून घेतलें आणि पिशवींतून दोरीची दोन भेंडोळीं काढलीं. एक दोरी त्यानें अ कोपऱ्यापासून समोरच्या चौथ्या कोपऱ्यापर्यंत ताणून बांधली, दुसरी ब-पासून क-पर्यंत. दोन्ही दोऱ्या मधोमध एकमेकींवरून गेल्या. छप्पर सपाट असतें तर त्या एकमेकींस टेंकल्या असत्या. त्यांच्या मध्यें दीड इंचाची फट होती. चौथ्या कोपऱ्याची दोरी खालीं.

“पाहा ना, बाई,” तो म्हणाला. “मधात दीड, म्हणजे कोपऱ्यात तीन.”

दीडाचे तीन कसे झाले हें मला समजावयाच्या आधीं माझ्या विद्यार्थिनीला समजलें. दोरीचें एक टोंक जागच्या जागीं, दुसरें तीन इंच खालीं गेलेलें. मधला बिंदु निम्मा, म्हणजे दीड इंच उतरणार. पण मग काल आठ फूट कसे भरले? तिनें पुन्हां टेप लावला. पुन्हां आठच फूट. तिनें भिंतीवरचें समीकरण वरपासून खालपर्यंत तपासलें. चूक नाहीं. तिनें माझ्याकडे पाहिलें; आणि वर्गांत ज्या भावनेची मला तीस वर्षें भीति वाटली ती, म्हणजे उत्तर ठाऊक नसण्याची, मला त्या क्षणीं उघड-उघड आली. मीं म्हटलें, “मला नाही कळत.” माझ्या अपेक्षेहून तें सोपें गेलें.

शोध तिनेंच लावला. टेप आपण कशापासून धरला? फरशीपासून. आणि फरशी? त्या कोपऱ्यापाशीं फरशीला थोडा उतार आहे हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. पाणी वाहून जावें म्हणून आजोबांनीं तो मुद्दाम ठेवला असें आम्हीं धरून चाललों होतों. मिस्त्र्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. तिच्या दोन टोंकांतलें पाणी एका पातळींत राहतें, आणि तिला फरशीची पर्वा नसते. नळी लावून पाहतां तीन कोपऱ्यांशीं जोतें एका पातळींत निघालें आणि चौथ्याशीं तीन इंच खालीं. खांब, त्याखालचें जोतें, भोंवतालची फरशी, तिघें मिळून बसलीं होतीं. छपरानें त्यांच्याबरोबर जाऊन आपलें आठ फुटांचें अंतर इमानानें राखलें होतें. खऱ्या पातळीपासून त्या कोपऱ्याची उंची ७ फूट ९ इंच, म्हणजे पावणेआठ. बारा, चोवीस आणि त्र्याण्णव; १२९. तीन कमी.

कार्तीय रूपाचें बळ आणि त्याची अडचण मला इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कधीं दिसली नव्हती. तें रूप हातीं आलें कीं एखादा बिंदु बसतो कीं नाहीं हें पोरालाही सांगतां येतें; पण त्यांतला प्रत्येक आंकडा अक्षांच्या भरंवशावर असतो. आमच्या गांवांतून यवतमाळ-मूर्तिजापूर अशी जी अरुंद रुळांची शकुंतला गाडी जात असे (तिला १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन होतें, आणि मोतीबाग स्टेशनावर ती पाहण्यासाठीं आम्ही मुलें हट्ट धरीत असूं; आतां ती बंद पडून वर्षें लोटलीं), तिच्यासारखें हें आहे. रूळ टाकलेले असतील तेथें अचूक जाणार. पण रुळाखालची माती बसली तर गाडीचा कांहीं दोष नसतां गाडी कलणार. मिस्त्र्याच्या दोरीला रूळ लागत नाहींत. अ-पासून चौथ्या कोपऱ्यापर्यंतचा सदिश हा ब-पर्यंतचा आणि क-पर्यंतचा मिळून होतो कीं नाहीं, एवढेंच ती विचारते. जमीन कोठें आहे हें विचारीतच नाहीं. मात्र तिलाही एक गोष्ट सांगतां येत नाहीं. चार कोपऱ्यांपैकीं बिघडला कोणता, हें दोरीवरून कळत नाहीं. अ तीन इंच खालीं आला असता तरी तेवढीच फट पडली असती. त्याच्यासाठीं नळीच लागली.

कारण शोधायला दूर जावें लागलें नाहीं. आजोबांच्या हौदाला तळाशीं चीर गेली होती, आणि त्याचें पाणी गुपचूप खांबाच्या पायांत मुरत होतें. इकडची काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकी घराला मानवत नाहीं. पाण्यानें फुगते, उन्हानें आक्रसते, आणि तिच्यांत पावसाळ्यानंतर पडणाऱ्या भेगांत हात जाईल. तिच्यावर टेंकलेला खांब दरवर्षीं थोडाथोडा खालीं गेला. कोपरा उतरला तसे पत्रे पिळले गेले, आणि पिळल्यामुळें मधल्या जोडांना फटी पडल्या. पत्रे हलके नव्हते.

दादा खुर्चीवरून उठले. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आंत जाऊन वहिनींना चहा ठेवायला सांगितला आणि मिस्त्र्याला ओसरीवर बोलावलें, पडवींत नव्हे. आमच्या घरांत क्षमा मागण्याची रीत आजोबांपासून हीच आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती कळते. मिस्त्र्याला ठाऊक होती. मला मात्र चहाआड लपण्याची सोय नव्हती. मीं त्याच्याजवळ जाऊन सांगितलें कीं, काल दादांच्या म्हणण्याला मीही मान हलविली होती. तो म्हणाला, “हिसाब तुमचा बरोबरच होता, बाई. फरशीनं दगा देल्ला.”

काम आठ दिवस चाललें. हौद बुजविला. खांबाला टेंकू देऊन त्याच्या पायाची माती काढली, खालीं मुरूम आणि काँक्रीट भरलें, आणि खांब उचलून पुन्हां बसविला. पाऊस दोनदां हुलकावणी देऊन गेला. शेवटच्या दिवशीं नळी लावून नातीनें उंची मोजली: ८ फुटांस अर्धा इंच कमी. तिनें खडूनें भिंतीवर हिशेब केला, साडेएकशेंएकतीस आले, आणि अर्धा कमी पडल्याबद्दल ती हळहळूं लागली. मिस्त्री दोरी गुंडाळीत होता. “तेवढं पाणी पाहात नाई,” तो म्हणाला.

गणित सोडावयाचें कीं ठेवावयाचें याविषयीं तिनें अजून घरांत कांहीं सांगितलेलें नाहीं, आणि मींही विचारलेलें नाहीं. संध्याकाळीं मात्र ती वही घेऊन पडवींत येते. परवां तिनें पोळपाट-लाटणें, मुंगी, वजाबाकी हें सगळें आपल्या शब्दांत वहींत उतरवून काढलें, मला वाचून दाखविलें, आणि सहज विचारलें, “आत्याआजी, तू शाळेत असंच शिकवायचीस?”

मीं ‘नाहीं’ म्हटलें. तिनें पान उलटलें आणि पुढलें उदाहरण काढलें.